एक्स्टर्नल कॅरोटिड बांधताना: गाठीआधी फांद्या मोजा

गाठ मारायला अर्धं मिनिट पुरतं. त्याआधीची तीस-चाळीस मिनिटं एकाच प्रश्नाचं उत्तर शोधण्यात जातात: बोटाखाली धडधडणारी ही धमनी चेहऱ्याकडे जाणारी (एक्स्टर्नल कॅरोटिड) आहे की मेंदूकडे जाणारी (इंटर्नल कॅरोटिड)? चेहऱ्याकडची बांधली तर रक्ताचा जोर ओसरतो आणि पेशंटला श्वास घ्यायला वेळ मिळतो. मेंदूकडची बांधली तर रक्त वाहतच राहतं, आणि वर अर्धं अंग लुळं पडतं.

शस्त्रक्रियेच्या पुस्तकांत या ऑपरेशनला पान-दीड पान मिळतं. त्यात लिहिलेलं खरं असतं, पण ते न सुजलेल्या, न शेकलेल्या (रेडिएशन न झालेल्या), पूर्वी कुणी हात न लावलेल्या मानेबद्दल असतं. नागपुरात रात्री दोन वाजता स्ट्रेचरवरून आत येणारी मान बहुधा तशी नसते. म्हणून मी हे कान-नाक-घसा, जनरल सर्जरी आणि ओरल सर्जरीच्या रेसिडेंटांसाठी लिहिते आहे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी एकट्याने थिएटर सांभाळणाऱ्या सर्जनसाठीही. पहिल्या काही केसेस अनुभवी सर्जनच्या हाताखालीच करा. जे डॉक्टर नाहीत, त्यांच्या कामाचं यात एकच आहे: मानेतून किंवा चेहऱ्यातून रक्त उसळत असेल तर स्वच्छ कापडाची घडी नेमकी त्या जागी ठेवून बोटांनी दाबा, १०८ ला फोन करा आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत दाब सोडू नका. मधेमधे उचलून पाहू नका. दाब मात्र एकाच बाजूने द्या. मानेभोवती पट्टी आवळायची नाही.

रक्त येतंय कुठून

आपल्या भागात ही वेळ सगळ्यांत जास्त आणते ती तोंडाच्या कॅन्सरची जखम. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा नागपुरात कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो, आणि तो गालात धरून दिवस काढणारी माणसं आमच्या ओपीडीत रांगेने बसलेली असतात. गालाचा किंवा जिभेचा गड्डा, म्हणजे कॅन्सरची गाठ, सडला, त्याखालची फेशियल किंवा लिंग्वल धमनी कुरतडली गेली, की एके दिवशी जेवताना किंवा खोकताना तोंडभर लाल रक्त येतं. घरच्यांना वाटतं दात दुखावला.

त्यानंतर नंबर लागतो अपघातांचा. हेल्मेट नसलेला दुचाकीस्वार, वरचा जबडा तुटलेला, नाका-तोंडातून रक्त. मग उन्हाळा: मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, नाकाची आतली त्वचा कोरडी पडते आणि घोळणा फुटतो. बहुतेकांचा समोरून, नाकाच्या पडद्यातून फुटतो आणि चिमटीत नाक धरून बसलं की थांबतो. ब्लडप्रेशरच्या वयस्कर पेशंटचा मात्र मागून फुटतो, आणि तो पॅकिंगलाही दाद देत नाही. टॉन्सिलच्या ऑपरेशननंतरचा रक्तस्राव क्वचित, पण तो आला की सगळ्यांचे हात थरथरतात.

मांज्याबद्दल वेगळं सांगायला हवं. नायलॉन मांज्याची हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, तरी संक्रांतीच्या आसपास चिरलेले गळे येतातच. तिथे ही शस्त्रक्रिया बहुधा करायची नसते. मांज्याचा काप आडवा आणि उघडा असतो; ज्या नळीतून रक्त येतंय ती जखमेतच शोधून तिथेच बांधायची किंवा शिवायची. अनेकदा ती धमनी नसून मानेवरची जुग्युलर शीर असते. दूरवर जाऊन मूळ धमनी बांधणं हा उपाय जिथे फुटलेलं टोक हाताला लागत नाही तिथला: जबड्यामागे, सडलेल्या गड्ड्यात, नाकाच्या खोल कोपऱ्यात.

म्हणून हातात ब्लेड घेण्याआधी स्वतःला विचारा, हे रक्त एक्स्टर्नलच्या प्रदेशातलंच आहे ना? चेहरा, जीभ, घसा, टॉन्सिल, जबडे, नाकाचा खालचा आणि मागचा भाग हा तिचा मुलूख. नाकाच्या अगदी वरच्या भागाला एथमॉइडल धमन्या रक्त देतात आणि त्या डोळ्याच्या धमनीतून, म्हणजे शेवटी इंटर्नल कॅरोटिडमधून येतात. तिथून वाहणारं रक्त एक्स्टर्नल बांधून थांबणार नाही. आणि शेकलेल्या मानेत खुद्द कॉमन कॅरोटिड (या दोघी जिच्यातून निघतात ती) किंवा इंटर्नलच फुटली असेल, तर वरच्या फांदीला दोरा बांधून काहीही साधत नाही.

दुसरा प्रश्न: याहून सोपं काही आहे का? मागून फुटलेल्या घोळण्यासाठी दुर्बिणीने नाकातूनच स्फीनोपॅलॅटाइन धमनी बांधणं हा आज पहिला पर्याय आहे, कारण तिथे आपण रक्ताच्या उगमापर्यंत पोचतो. कॅथलॅब आणि ते काम जाणणारा रेडिओलॉजिस्ट हाताशी असेल, पेशंट स्थिर असेल, तर तारेने आत जाऊन फुटलेली फांदी बुजवणं (एम्बोलायझेशन) बरं. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तार एक्स्टर्नलच्या खोडातूनच फांदीत जाते. तुम्ही खोड बांधलंत की तो रस्ता कायमचा बंद. म्हणून 'आधी बांधून टाकू, नाही थांबलं तर एम्बोलायझेशनला पाठवू' हा क्रम उलटा आहे. पण कॅथलॅब पावणेदोनशे किलोमीटर दूर असेल, पेशंट गडचिरोलीत असेल आणि प्रेशर ७० वर आलं असेल, तर हा सगळा विचार बाजूला ठेवून मान उघडायचीच.

थिएटरात नेण्याआधी

सगळ्यांत आधी श्वास. तोंडातून वाहणारा पेशंट रक्त कमी होऊन मरण्याआधी रक्त छातीत जाऊन गुदमरू शकतो. शुद्धीत असेल तर त्याला बळजबरीने आडवं करू नका. बसून, पुढे वाकून थुंकू द्या. भूलतज्ज्ञांशी आधी बोला: नळी तोंडातून जाईल का, की शुद्धीतच ट्रॅकिऑस्टॉमी (गळ्याला छेद देऊन श्वासाची नळी) करावी लागेल? खर्रा खाणाऱ्यांचं तोंड बऱ्याचदा दोन बोटंही उघडत नाही, हे विसरू नका. सक्शनच्या दोन नळ्या चालू हव्यात, कारण एक रक्ताच्या गाठीने तुंबतेच. नळी बसली की घशात ओला गॉज पॅक करा आणि तो पॅक घातल्याची नोंद फळ्यावर लिहा.

हाताला दोन जाड कॅन्युला, रक्तगट आणि क्रॉसमॅच, निदान चार पिशव्यांची मागणी. ट्रॅनेक्झामिक ॲसिड १ ग्रॅम दहा मिनिटांत सावकाश. अपघाताच्या पेशंटला पहिल्या तीन तासांतच. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन चालू आहे का ते नातेवाइकांना औषधाची पाकिटं दाखवायला सांगून बघा. 'कोणती गोळी चालू आहे' या प्रश्नाला 'बीपीची' हेच उत्तर मिळतं. आणि सहाय्यकाचं बोट किंवा पॅक या सगळ्या वेळात जागेवर दाबलेलं राहू द्या. नीट दाबलेलं बोट तुम्हाला अर्धा तास देतं. तो अर्धा तास मिळाला की घाई करण्याचं कारण उरत नाही.

संमती घेताना गोष्टी नावाने सांगा: लकवा, जिभेचा वाकडेपणा, आवाज बसणं, ओठाचा कोपरा उतरणं, आणि रक्त पुन्हा सुरू होण्याची शक्यता. भंडाऱ्याहून आलेल्या एका बाईंनी मला विचारलं होतं, "थांबन का जी मॅडम, सांगा ना खरं." मी सांगितलं की जोर कमी होईल, थांबेलच असं वचन देता येत नाही. त्यांनी सही केली. खोटा धीर दिला असता तर पुढच्या तीन दिवसांत मला त्यांच्याशी बोलणं कठीण गेलं असतं.

मान मांडणं

पेशंट उताणा. खांद्याखाली गुंडाळलेली चादर, डोक्याखाली रिंग, मान मागे, चेहरा दुसऱ्या बाजूला वळवलेला, पण साधारण तीस अंशच. पार वळवलात तर स्टर्नोमॅस्टॉइड स्नायू सरकून रक्तवाहिन्यांवर येतो आणि तुम्ही स्वतःच स्वतःसाठी पडदा ओढता. अपघाताच्या पेशंटमध्ये मणक्याची खात्री नसेल तर मान वळवायची नाही. डोक्याला दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या लावून सरळ मानेतच काम करा. त्रास होतो, पण करता येतं. प्रेशर ठीक असेल तर टेबल डोक्याकडून थोडं वर करा, शिरा कमी फुगतात. शॉकमध्ये सपाटच ठेवा.

कापड लावताना कानाची पाळी, ओठाचा कोपरा, हनुवटी आणि हसळीचं हाड दिसत राहू द्या. कानासमोरची जागा भूलतज्ज्ञांच्या बोटाला पोचेल अशी ठेवा. तिथली टेम्पोरल नाडी पुढे आपली साक्षीदार आहे.

भूल शक्यतो पूर्ण. पण फार खालावलेल्या पेशंटमध्ये हे ऑपरेशन जागा बधिर करूनही होतं. ॲड्रेनॅलिनसह लिग्नोकेन, किलोमागे ७ मिलिग्रॅमच्या आत. पन्नास किलोच्या माणसाला ३५० मिलिग्रॅम ही हद्द झाली. आपले कॅन्सरचे पेशंट चाळीस किलोचेही नसतात, तेव्हा हिशेब वजनावरच करा.

छेद

पेनने खुणा करा: जबड्याचा कोन, हायॉइड हाड, थायरॉइड कूर्चेची वरची कड आणि स्टर्नोमॅस्टॉइडची पुढची कड. कॉमन कॅरोटिड बहुतेकांत थायरॉइड कूर्चेच्या वरच्या कडेच्या पातळीला दुभंगते. छेद जबड्याच्या दोन बोटं खाली, मानेच्या घडीत, पाच-सहा सेंटीमीटर, मध्य स्टर्नोमॅस्टॉइडच्या पुढच्या कडेवर. दोन बोटांचं अंतर पाळलंत तर खालच्या ओठाकडे जाणारी फेशियल नर्व्हची फांदी सुरक्षित राहते. पुढे मोठी कॅन्सर सर्जरी होणार असेल तर त्या छेदात हा सामावेल असा आखा. आणि मान जाड, सुजलेली किंवा तुम्ही नवखे असाल, तर स्टर्नोमॅस्टॉइडच्या कडेने उभा छेद घ्या. व्रण दिसतो, पण वर-खाली हवा तेवढा वाढवता येतो. रात्रीच्या केसमध्ये मी व्रणाचा विचार करत नाही.

त्वचा, चरबी, प्लॅटिस्मा (त्वचेखालचा पातळ स्नायू) एका दमात कापून प्लॅटिस्माखालून वर-खाली पडदे उचला. मागच्या बाजूला एक्स्टर्नल जुग्युलर शीर आणि तिच्या शेजारी कानाकडे जाणारी ग्रेट ऑरिक्युलर नस दिसते. दोन्ही मागेच राहू द्या. स्टर्नोमॅस्टॉइडच्या पुढच्या कडेवरचं आवरण लांबीने कापा आणि स्नायू मागे ओढा.

आता वरच्या कोपऱ्यात डायगॅस्ट्रिक स्नायूचं मागचं पोट शोधा. तिरका, मांसल पट्टा. तो सापडला की नकाशा हातात आला: जपण्यासारखं सगळं त्याच्या खाली आहे, आणि त्याच्यावर राहून काम केलंत तर काही तुटत नाही. बाहेरच्या बाजूला इंटर्नल जुग्युलर शीर निळी दिसेल. तिच्यात पुढून आडवी येऊन मिळणारी कॉमन फेशियल शीर ३-० सिल्कने दोन्हीकडे बांधून मधे कापा. ती कापली की जुग्युलर मागे सरते आणि दार उघडल्यासारखी धमनी समोर येते. ही शीर ओढाताणीत तुटली तर खड्डा रक्ताने भरतो आणि घाबरून आंधळा चिमटा लावला जातो. तेव्हा ती आधीच शोधून शांतपणे बांधा.

नसा

हायपोग्लॉसल नस पांढऱ्या दोरीसारखी, डायगॅस्ट्रिकच्या खालून निघून दोन्ही कॅरोटिडच्या वरून आडवी पुढे जिभेकडे जाते. तिच्या सोबतीच्या बारीक शिरा फुटल्या तर थोडा वेळ गॉज दाबून धरा, मग बायपोलर (विजेवर चालणारा चिमटा). मॉस्किटो (बारीक टोकाचा चिमटा) लावू नका. त्या चिमट्यात नस येते आणि पेशंटची जीभ जन्मभर एका बाजूला वळते. धमनीच्या आवरणावरून खाली उतरणारा बारीक धागा ॲन्सा या नसेचा, तो बाजूला सारा. व्हेगस नस ही शीर आणि धमनी यांच्या मधे, मागे लपलेली असते. सुपीरिअर लॅरिंजिअल नस दोन्ही कॅरोटिडच्या आतून, मागून जाते; ती दिसत नाही आणि दोरा ओवताना नेमकी तीच सापडते.

सुश्रुतांनी कंठनाडीच्या दोन्ही बाजूंना नीला आणि मन्या अशी चार मर्मं सांगितली आणि त्यांना इजा झाल्यास मुकेपणा, स्वर बिघडणं आणि चव न कळणं ही लक्षणं दिली. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी मानेच्या जखमा इतक्या बारकाईने पाहिल्या होत्या, हे मला प्रत्येक वेळी ही जागा उघडताना आठवतं.

फांद्या मोजणं

मी दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट असताना एका हॉस्पिटलात रात्री मला ही केस करायला मिळाली. शेकलेली मान, गालाचा गड्डा, तोंडात पॅक. मी धमनी मोकळी केली, तिच्याखालून दोरा ओवला आणि सरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "फांद्या किती मोजल्यास?" मी म्हटलं, "सर, ही पुढची आहे, आणि जाड आहे." त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मी दोरा सैल सोडून वर तीन सेंटीमीटर सोडवत गेले. एकही फांदी नव्हती. गड्ड्याच्या गाठीने ढकललेली इंटर्नल कॅरोटिड पुढे आली होती. एक्स्टर्नल तिच्या आत, मागे दडली होती. सर काही बोलले नाहीत. मीही नाही. पण त्या रात्रीनंतर मी जाडी आणि जागा यांवर विश्वास ठेवणं सोडलं.

नावंच फसवी आहेत. दुभंगाच्या जागी एक्स्टर्नल ही पुढे आणि आतल्या बाजूला असते, इंटर्नल मागे आणि बाहेरच्या बाजूला. एक्स्टर्नल म्हणजे कवटीच्या बाहेर जाणारी, इंटर्नल म्हणजे कवटीच्या आत जाणारी, एवढाच त्या नावांचा अर्थ. आणि म्हातारपणी इंटर्नल वळणं घेते, गाठींनी सरकते, मान वळवल्यावर दोघींची जागा थोडी बदलते. न बदलणारी एकच खूण: इंटर्नल मानेत फांद्या देत नाही.

काम असं करा. आवरण खालून उघडायला लागा, कॉमन कॅरोटिडवर, आणि वर चढत दुभंग दिसेपर्यंत जा. थेट वर उडी मारून सापडेल ती धमनी धरू नका. दुभंगाशी पोचण्याआधी भूलतज्ज्ञांना सांगा, "कॅरोटिड सायनसजवळ आहे." तिथे ओढ बसली की नाडी ४० वर येते आणि प्रेशर कोसळतं. साधं लिग्नोकेन, दोन टक्क्यांचं, एक मिली, बारीक सुईने धमनीच्या बाहेरच्या थरात दुभंगाच्या कुशीत द्या. सुईत रक्त येत नाही ना ते पाहून. ॲट्रोपिन भरलेलं असू द्या. म्हाताऱ्या पेशंटचा दुभंग चिमटीत दाबून बघण्याचा मोह टाळा. आत चुन्याचा थर असेल तर त्याचा कण सुटून सरळ मेंदूत जातो.

आता फांद्या. पहिली सुपीरिअर थायरॉइड: पुढून निघते आणि लगेच खाली वळते. दुसरी लिंग्वल: हायॉइडच्या मोठ्या शिंगाजवळ, वर एक छोटा वळसा घेऊन आत शिरते. तिसरी फेशियल, तिच्या वर. कधी लिंग्वल आणि फेशियल एकाच खोडातून निघतात, तेव्हा दोनच्या जागी एक दिसते. सुपीरिअर थायरॉइड कधी दुभंगातूनच किंवा कॉमन कॅरोटिडमधूनच निघते, म्हणून ती एकटी पुरावा नाही. किमान दोन फांद्या डोळ्यांनी, खोडातून बाहेर पडताना दिसल्या पाहिजेत. आणि दुसरी धमनीही पाहा: ती दोन-तीन सेंटीमीटर वर फांदीशिवाय जाते का? एकीवर फांद्या आहेत आणि दुसरीवर नाहीत, हे दोन्ही जुळलं तरच पुढे.

मग साक्षीदार. एक्स्टर्नलखालून रबरी लूप किंवा ओला टेप ओवून हलकेच वर उचला, प्रवाह अडेल इतकंच. भूलतज्ज्ञ कानासमोर टेम्पोरल नाडीवर बोट ठेवून आहेत. नाडी गेली? लूप सोडा. परत आली? पुन्हा उचला. दोनदा जुळलं पाहिजे. शॉकमध्ये नाडी बोटाला लागत नसेल तर हातातला डॉपलर वापरा. तो नसेल तर तोंडातला पॅक हलकेच काढून रक्ताचा जोर उतरतो का ते बघा. या तपासणीला दोन मिनिटं लागतात. सहाय्यकाचं बोट जागेवर आहे, रक्त चढतंय. दोन मिनिटं आहेत तुमच्याकडे.

गाठ

जागा: सुपीरिअर थायरॉइडच्या वर, लिंग्वलच्या खाली. दुभंगाला चिकटून बांधू नका. तिथे बांधलंत तर बंद टोकात रक्त साचून गोठतं आणि ती गुठळी इंटर्नलच्या तोंडाशी पोचू शकते. सुपीरिअर थायरॉइड चालू राहिली की खालचा बुंधा वाहता राहतो. टॉन्सिल, जीभ, गाल यांच्या रक्तासाठी हीच जागा. नाकाच्या रक्तासाठी वर जाता आलं तर फेशियलच्या पलीकडे बांधणं जास्त उपयोगी, पण हायपोग्लॉसल ताणून तिथे पोचावं लागत असेल तर हट्ट धरू नका.

राइट-अँगल फोर्सेप्सचं टोक धमनीच्या भिंतीला घासत, जुग्युलर आणि इंटर्नलच्या बाजूने आत घालून पुढच्या बाजूला बाहेर काढा. टोक भिंतीपासून सुटलं की मागची लॅरिंजिअल नस त्यात येते. २-० सिल्क, दोन दोरे, मधे साधारण अर्धा ते एक सेंटीमीटर. गाठ आवळताना प्रवाह थांबेल इतकंच आवळा. करकचून ओढलात तर आतला थर चिरतो आणि कडक झालेली धमनी तिथेच कापली जाते. धमनी कापायची नाही. अखंड ठेवून नुसती बांधायची. कापलेल्या टोकावरून दोरा सुटला तर पहाटे तीनला तुम्हाला तेच टोक रक्ताच्या तळ्यात शोधावं लागेल.

बांधूनही वाहतंय

असं होतं, आणि तुमचं चुकलेलंच असतं असं नाही. दोन्ही बाजूंच्या एक्स्टर्नल चेहऱ्याच्या मध्यरेषेवर एकमेकींना भेटतात, आणि डोळ्याच्या धमनीतून इंटर्नलही नाकाला रक्त पुरवते. आपण फक्त दाब उतरवला आहे; रक्ताला आता गोठायला संधी मिळते. म्हणून पॅक लगेच उपटू नका. दहा मिनिटं थांबा, मग ओला करून हळूच काढा. थोडं झिरपत असेल तर पुन्हा पॅक करून २४ ते ४८ तास ठेवा.

जोराने वाहत असेल तर आधी आपल्या दोऱ्याकडे परत जा, टेम्पोरल नाडी खरंच गेली आहे का पाहा. नाकातून, वरून येत असेल तर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून अँटेरिअर एथमॉइडल बांधा. मध्यरेषेवरचा गड्डा असेल तर दुसऱ्या बाजूची एक्स्टर्नलही बांधता येते. बहुतेकांना ते सोसतं. पण शेकलेल्या तोंडात दोन्ही बांधल्या की जीभ आणि गालाची त्वचा भरून यायला फार त्रास होतो, आणि पुढे फ्लॅप (दुसरीकडून आणलेला मांसाचा तुकडा) जोडायला धमनीच उरत नाही. हे सांगूनच निर्णय घ्या.

लाकडासारखी मान

रेडिएशन झालेली मान बोटाने दाबली की लाकडासारखी लागते. तिथे थर सापडत नाहीत. अशा मानेत मी वर हात लावण्याआधी खाली, ओमोहायॉइड स्नायूच्या खाली, जिथे शेक कमी बसला आहे तिथे कॉमन कॅरोटिड शोधते आणि तिच्याभोवती एक सैल टेप ठेवते. आवळायचा नाही, फक्त वर काही फुटलं तर लगाम हातात असावा. मग तिच्या अंगाने वर. गाठींनी दुभंगच गिळला असेल तर थांबा, पॅक करा आणि एम्बोलायझेशनला पाठवा. तिथे नेट लावणाऱ्याच्या हातात कॅरोटिड फुटते.

फुटलीच तर बोट. चिमटा नाही. बोट ठेवा, श्वास घ्या, टेप उचलायला सांगा, सक्शन, प्रकाश, मग ६-० प्रोलीनने टाके. कॉमन कॅरोटिड बांधणं हा अगदी शेवटचा मार्ग. १८०३ साली टोनँट या ब्रिटिश युद्धनौकेवर डेव्हिड फ्लेमिंग या सर्जनने गळा चिरून घेतलेल्या माणसाची कॉमन कॅरोटिड बांधली आणि तो जगला. १८०५ मध्ये ॲस्टली कूपर यांनी धमनीच्या फुगवट्यासाठी ती बांधली आणि पेशंट दगावला. १८०८ मध्ये त्यांना यश आलं. कोण सोसेल आणि कुणाला लकवा मारेल हे टेबलावर सांगता येत नाही, म्हणून शक्य असेल तोवर टाके घालून ती चालू ठेवा.

बंद करताना आणि नंतर

भूलतज्ज्ञांना फुफ्फुसं फुगवून धरायला सांगा. एखादी शीर सुटली असेल तर तेव्हा दिसते. ड्रेन ठेवा. प्लॅटिस्मा ३-० व्हिक्रिल, त्वचा नायलॉन. घशातला पॅक निघाला का ते फळ्यावर पाहून मोजा.

शुद्धीवर आल्या आल्या पाच गोष्टी बघा: दोन्ही हातांची मूठ, बोलणं, जीभ सरळ बाहेर येते का, ओठाचा कोपरा, आणि पापण्या-बाहुल्या दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का. ट्रॅकिऑस्टॉमी असेल तर बोलण्याऐवजी डावा-उजवा हात उचलायला सांगा. पहिला तास दर पंधरा मिनिटांनी, मग दर तासाला. पाणी पिताना ठसका लागला तर तोंडाने काही देऊ नका, नळीनेच द्या. मान फुगायला लागली आणि श्वास अडखळला तर थिएटरची वाट पाहू नका, टाके खाटेवरच उघडा. म्हणून टाके काढायची कात्री उशाशी टेपने चिकटवून ठेवा आणि रात्रीच्या सिस्टरना ती कुठे आहे ते स्वतः दाखवा. टाके सातव्या दिवशी, शेकलेल्या मानेत दहा-बारा दिवसांनी.

डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहा: कोणत्या बाजूची एक्स्टर्नल कॅरोटिड, कोणत्या फांदीच्या वर बांधली, किती दोरे, कोणत्या तारखेला. त्याखाली लिहा की त्या बाजूने एम्बोलायझेशन आता होणार नाही आणि फ्लॅपसाठी त्या बाजूची फेशियल धमनी धरू नये. एक प्रत पेशंटच्या फायलीत, एक नातेवाइकांच्या हातात, आणि त्यांना मोबाइलवर फोटो काढून ठेवायला सांगा. पुढच्या वेळी रक्त आलं तर हा पेशंट कदाचित दुसऱ्याच हॉस्पिटलात, तुमच्या ओळखीच्या नसलेल्या रेसिडेंटसमोर पोचेल.